त्रिनिदादचा 'होसे': सातासमुद्रापलीकडचा मोहरम

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्या मुलांना क्रिकेट आठवतं. वर्गात नकाशा लावून त्रिनिदाद कुठे आहे असं विचारलं, तर बोट आफ्रिकेपासून ब्राझीलपर्यंत कुठेही फिरतं. पण ब्रायन लारा कुठला म्हटलं की उत्तर लगेच येतं. थोड्या मोठ्या वयाच्या वाचकांना पोर्ट ऑफ स्पेन हे नाव 1971 मुळे ठाऊक असेल. सुनील गावसकर तिथेच पहिली कसोटी खेळले आणि भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं तेही तिथेच. त्या ओव्हल मैदानाच्या जवळच सेंट जेम्स नावाचा मोहल्ला आहे. तिथल्या रस्त्यांची नावं दिल्ली, कलकत्ता, लखनौ, पाटणा, आग्रा अशी आहेत. दरवर्षी मोहरमच्या रात्री या मोहल्ल्यात ताजिये निघतात आणि ताशे कडाडतात. तिथले लोक याला 'होसे' म्हणतात.

'या हुसैन' या पुकाराचंच हे रूप. मजुरांच्या तोंडचा आवाज इंग्रजांच्या कानावर जसा पडला तसा कागदावर उतरला, आणि पुढे सगळ्यांनी तोच उचलला. त्रिनिदादच्या सणांबद्दल लिहिताना बहुतेक जण कार्निव्हलपासून सुरुवात करतात. आम्ही या लेखात होसेपासून सुरुवात करत आहोत, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. शिवाय त्यावरून तिथे जो वाद चालतो तोही आपल्या गावागावांतला आहे.

बेट आणि माणसं

त्रिनिदाद हे कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाचं बेट, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अगदी जवळ. आकाराने गोव्याहून थोडं मोठं. शेजारचं छोटं टोबॅगो धरून जो देश होतो त्याची लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे 35 टक्के, आफ्रिकी वंशाचे सुमारे 34 टक्के आणि बाकीचे बरेचसे मिश्र वंशाचे होते. हिंदू 18 टक्के, मुस्लिम जेमतेम 5 टक्के. म्हणजे दर वीस माणसांत एक मुसलमान.

भारतीय तिथे पोचले कसे? 1838 साली ब्रिटिश वसाहतींतली गुलामी पूर्णपणे संपली. उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून करारावर हिंदुस्थानातून माणसं नेण्याची पद्धत सुरू झाली. हाच तो गिरमिट. पहिलं जहाज 'फतह अल रज्जाक'. कलकत्त्याहून 16 फेब्रुवारी 1845 रोजी निघालं आणि 103 दिवसांनी, 30 मे रोजी, पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. त्याचं नाव तिकडे 'फाटेल रझाक' असं लिहिलं आणि म्हटलं जातं. रज्जाक म्हणजे रोजी देणारा, आणि जहाजात बसलेले सगळे रोजीच्याच शोधात निघालेले. 1917 साली ही भरती बंद होईपर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार भारतीय त्रिनिदादला नेले गेले. त्यात बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे, काही मद्रासकडचे. मुसलमान साधारण 14-15 टक्के. आपल्या महाराष्ट्रातले मजूर मुंबई बंदरातून गेले ते प्रामुख्याने मॉरिशसला. त्रिनिदादशी आपला असा थेट संबंध नाही.

भारतीयांच्याही आधी तिथे मुसलमान होते, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांत मँडिंगो मुसलमान होते. 1830 च्या दशकात पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्यांची एक छोटी जमात होती. योनस मोहम्मद बाथ हे तिचे प्रमुख. पैसे जमवून आपल्या लोकांना गुलामीतून सोडवायचं काम ही जमात करायची. मायदेशी परत पाठवा असे अर्जही त्यांनी इंग्रज सरकारकडे केले होते. ते मान्य झाले नाहीत.

ताजियावर गोळीबार

मोहरम त्रिनिदादला आला तो मळ्यांतून. 1850 च्या दशकात ताजिये निघू लागले होते. मळ्यावर वर्षभर मुकादमाची शिवी आणि उसाची कापणी. परवानगीशिवाय मळा सोडून बाहेर फिरलं तर तुरुंग. अशा माणसांना वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून रस्त्यावर यायची ही संधी होती. त्यामुळे होसे पहिल्यापासून एकट्या मुसलमानांचा राहिला नाही. हिंदू मजूर ताजिये बांधत, नवस बोलत, ताशे वाजवत. आफ्रिकी वंशाचे लोकही ताजिये उचलायला आणि वाजवायला येत. गोऱ्या मळेवाल्यांनी आणि वर्तमानपत्रांनी याला 'कुली कार्निव्हल' असं तुच्छतेचं नाव ठेवलं होतं.

1880 नंतर साखरेचा भाव पडू लागला. युरोपात बीटापासून साखर निघायला लागली होती. मळेवाल्यांनी तोटा भरून काढायला मजुरांवरचं काम वाढवलं, संप होऊ लागले. मजूर मोठ्या संख्येने एकत्र येणं सरकारला आता धोक्याचं वाटू लागलं. 1884 च्या जुलैमध्ये हुकूम निघाला की मोहरमच्या मिरवणुका सॅन फर्नांडो आणि पोर्ट ऑफ स्पेन या शहरांत येणार नाहीत, मुख्य रस्त्यांवर परवानगीशिवाय चालणार नाहीत, आणि भारतीयांखेरीज इतरांनी त्यात भाग घ्यायचा नाही. शेवटचं कलम नीट वाचण्यासारखं आहे. भारतीय आणि आफ्रिकी मजूर एकत्र येऊ नयेत ही काळजी त्यात उघड दिसते.

मजुरांनी अर्ज केला. अर्ज करणाऱ्यांत पुढे होता सुक्खू नावाचा एक हिंदू. मोहरमची मिरवणूक शहरातून जाऊ द्या अशी मागणी हिंदू मजूर करतो आहे, यावरून होसे त्या वेळी कुणाचा होता ते कळतं. अर्ज फेटाळला गेला.

30 ऑक्टोबर 1884 रोजी हिजरी सन 1302 चा आशुरा होता. आजूबाजूच्या मळ्यांतले मजूर नेहमीप्रमाणे ताजिये खांद्यावर घेऊन सॅन फर्नांडोकडे निघाले. शहराच्या वेशीवर पोलीस आणि ब्रिटिश सैनिक उभे होते. सिपेरो रस्त्यावरच्या नाक्यापाशी आणि मॉन रेपो इथे गोळ्या झाडल्या गेल्या. ताजिये तिथेच रस्त्यात पडले. अधिकृत कागदांत 16 मृत्यू नोंदले गेले. काही जण हा आकडा 22 सांगतात. जखमी शंभराच्या वर होते.

चौकशीसाठी जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आले. हे गृहस्थ आधी हिंदुस्थानात लष्करी नोकरी करून गेलेले. त्यांनी पोलिसांना दोष दिला नाही. पुढे या घटनेवर केल्विन सिंग या इतिहासकाराने 1988 साली पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ 'रक्ताने माखलेले ताबूत' असा होतो.

यानंतर बऱ्याच मळ्यांवरचा होसे बंद पडत गेला. आज तो दोनच ठिकाणी नीट टिकून आहे. एक पोर्ट ऑफ स्पेनमधलं सेंट जेम्स आणि दुसरं बेटाच्या नैर्ऋत्य टोकाचं सेड्रोस. सेड्रोसचा होसे लहान आणि शांत, आणि तिथे हिंदू कुटुंबांचा हात मोठा. सेंट जेम्सचा मोठा, गर्दीचा, आणि वादाचाही.

चार रात्रींचा क्रम

ताजिया बांधणाऱ्या कुटुंबाच्या अंगणाला तिथे 'यार्ड' म्हणतात. पंचायती, गुलाम हुसेन, कोकोराइट ही सेंट जेम्समधल्या यार्डांची नावं. यार्डात एक बंद शेड असते, तोच इमामबाडा. आत चपला घालून जायचं नाही. बांधकाम चालू असेपर्यंत काम करणारे मांस आणि दारू टाळतात, घरसंसारातला संबंधही वर्ज्य मानतात. बांबू आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर कागद, चमकी, आरसे. हल्ली थर्माकोलही आला आहे. दरवर्षी नवा आराखडा काढायचा आणि तो शेवटच्या रात्रीपर्यंत बाहेरच्या कुणालाही दाखवायचा नाही, असा रिवाज आहे. तिथे याला 'ताजा' म्हणतात. घुमट, मिनार, कमानी सगळं असतं. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंची सहज होते.

मोहरमच्या सातव्या रात्री झेंडे निघतात. करबलाच्या लढाईतले हे झेंडे. आठव्या रात्री छोटे ताजे निघतात. नववी म्हणजे मोठी रात्र: मोठे ताजे पहिल्यांदा रस्त्यावर येतात आणि त्यांच्याबरोबर दोन चंद्र. लाल चंद्र हजरत इमाम हुसैन (रजि.) यांचा आणि हिरवा हजरत इमाम हसन (रजि.) यांचा. एक रक्ताचा रंग, दुसरा विषाचा. अर्धचंद्राच्या आकाराचे हे मोठे जड सांगाडे एकेक माणूस खांद्यावर घेतो आणि गोल फिरतो. दमला की दुसरा पुढे होतो. चंद्र सांभाळणं हे ठरावीक घराण्यांचं काम आहे, ते पिढीजात चालत आलंय. एका क्षणी दोन्ही चंद्र समोरासमोर येतात आणि एकमेकांना टेकतात. दोन भावांची ती भेट. त्या वेळी गर्दीतली जुनी माणसं रडतात.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही भेट समजावून सांगायला नको. तिथेही ताबुतांच्या भेटी होतात, आणि तिथेही ताबूत हिंदू-मुस्लिम दोघांचे. कडेगाव आणि सेंट जेम्स यांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही. दोन्हीकडची मुळं एकाच हिंदुस्थानी मोहरमची आहेत एवढंच.

दहाव्या तारखेला दिवसाउजेडी पुन्हा मिरवणूक निघते. आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे 'तीजा'ला, ताजे समुद्रावर नेऊन पाण्यात सोडतात. आपल्याकडे ताबूत 'थंडे' करतात तसंच. महिना-दीड महिना राबून केलेलं काम पाण्यात जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ताशाचे 'हात'

होसेचा आवाज म्हणजे ताशा. नाव तेच, वाद्यही तेच. तिकडचा पारंपरिक ताशा मातीच्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून करतात. आपल्याकडे भांडं तांब्याचं किंवा पत्र्याचं असतं, एवढाच फरक. कातडं सैल पडलं की आवाज बसतो. म्हणून यार्डाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला शेकोटी पेटवून वादक ताशे शेकतात आणि मग गळ्यात अडकवतात. पुढे वाजवणाऱ्याला 'कटर' म्हणतात, साथ देणाऱ्याला 'फुले'. खाली मोठा ढोल, आणि झांज.

वाजवण्याच्या ठेक्याला तिथे 'हात' म्हणतात. मातमचा हात वेगळा, लढाईचा वेगळा, चालीचा वेगळा, दफनाचा वेगळा. कुठल्या घटकेला कुठला हात हे ठरलेलं असतं. ज्याला ही भाषा येते त्याला डोळे मिटूनही करबलाची गोष्ट ऐकू येते. ज्याला येत नाही त्याला ते नुसतं नाचायचं संगीत वाटतं. सगळ्या वादाची जड इथेच आहे.

हाच ताशा पुढे त्रिनिदादभर पसरला. आज तिथल्या हिंदू लग्नांत तो हवाच असतो, स्पर्धा होतात, कार्निव्हलच्या गाण्यांतही त्याचे ठेके येतात.

मातम की मेला?

सेंट जेम्सच्या रस्त्यावर मोठ्या रात्री हजारो लोक येतात. त्यात करबला म्हणजे काय हे माहीत नसलेले बरेच असतात. खाण्याच्या गाड्या लागतात. बार उघडे असतात आणि हातात बाटली घेऊन ताशाच्या तालावर कमर हलवणारेही दिसतात. पर्यटनाच्या जाहिरातींत होसेचे रंगीत फोटो छापतात, बाजूला कार्निव्हलचे.

यावर त्रिनिदादमधल्या बहुसंख्य सुन्नी मुसलमानांचा आणि त्यांच्या जमातींचा जुना आक्षेप आहे. ताजिया, ढोल-ताशा, चंद्र हे दीनमध्ये बसत नाही; इस्लामच्या नावावर हे चालू नये, असं उलेमा दरवर्षी सांगतात. 1990 च्या दशकात बाहेरून शिया प्रचारकही आले. इमामांचा शोक पाळणारे लोक म्हणून यार्डवाले आपले वाटतील असं त्यांना वाटलं असावं, पण त्यांनाही ताशे आणि सजावट पटली नाही. ढोल बंद करा, मजलिस भरवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे यार्डातल्या कुटुंबांना दोन्हीकडून नसीहत!

यार्डवाल्यांचं म्हणणं साधं आहे. आम्ही नवस केलेला आहे. आमच्या परदाद्यांनी हे जहाजातून आणलं, यावर गोळ्या खाल्ल्या. आम्ही यार्डात दारू पीत नाही. रस्त्यावर येणारा काय पितो ते आम्ही कसं थांबवणार?

आम्ही इथे कुणाचा फतवा द्यायला बसलेलो नाही. ताजियादारीवर आपल्याकडेही बरेलवी, देवबंदी, अहले हदीस, शिया यांची मतं वेगवेगळी आहेत आणि वाचकांच्या घरात त्यातलं जे मत असेल ते असेल. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात असं आम्हाला वाटतं. मसला शरीयतचा असेल तर तो उलेमांकडे जावा. दारू आणि नाच हा मसला मात्र शरीयतचा नाही, तो अदबीचा आहे. दुसऱ्याच्या घरी मय्यत असताना तिथे जाऊन नाचायचं नाही हे समजायला मुसलमान असावं लागत नाही. बाटली घेऊन आलेल्या पाहुण्याचा दोष महिनाभर मांस-मच्छी सोडून बांबू बांधणाऱ्या माणसाच्या माथी मारणं आम्हाला न्यायाचं वाटत नाही.

यात हिजरी कालगणनेचीही एक भर पडते. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2004 आणि 2005 साली होसे कार्निव्हलच्या अगदी पाठोपाठ आला होता. नाचून नुकतंच थांबलेलं शहर पुन्हा ताशा ऐकतं तेव्हा त्याला मातम कसा समजावा?

बाकीचं वर्ष

कार्निव्हल हा त्रिनिदादचा सगळ्यात मोठा उत्सव. ख्रिश्चनांच्या चाळीस दिवसांच्या उपवासाआधीचे सोमवार आणि मंगळवार. अठराव्या शतकाच्या शेवटी आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी तो आणला. गुलामीतून सुटलेल्यांनी तो त्यांच्या दिवाणखान्यातून रस्त्यावर आणला. मशाली, ढोल, लाठ्या. 1881 साली पोलिसांशी मोठी झटापट झाली आणि 1884 च्या सुरुवातीला मशाली आणि ढोल यांवर कायद्याने बंदी आली. तारीख लक्षात घ्या: ज्या सरकारने ऑक्टोबरमध्ये ताजियावर गोळ्या चालवल्या, त्याच सरकारने त्याच वर्षी काळ्या लोकांचे ढोल बंद केले होते. ढोल गेला म्हणून त्यांनी बांबू आपटून ताल धरला, पुढे पत्र्याचे डबे वाजवले, आणि 1930 च्या दशकाच्या शेवटी तेलाच्या रिकाम्या पिंपातून 'स्टीलपॅन' तयार झालं. 1992 साली तेच देशाचं राष्ट्रीय वाद्य ठरलं. कार्निव्हलमधला उघडेपणा आणि दारू यामुळे तिथली अनेक मुस्लिम घरं त्या दोन दिवसांत लांबच राहतात.

मार्चच्या सुमाराला फगवा, म्हणजे होळी. 30 मे ला भारतीय आगमन दिन, पहिल्या जहाजाच्या आठवणीत सुट्टी. 1 ऑगस्टला गुलामीमुक्तीचा दिवस. शरद ऋतूत मैदानांवर रामलीला. कवी डेरेक वॉलकॉट यांनी 1992 च्या नोबेल भाषणाची सुरुवात फेलिसिटी नावाच्या गावातल्या रामलीलेने केली होती. मग दिवाळी, तिचीही सार्वजनिक सुट्टी.

ईद-उल-फित्रची सुट्टी सगळ्या देशाला असते. पाच टक्के लोकांच्या सणाला. बकरी ईदची नसते, आणि होसेचीही नाही. ईदच्या दिवशी नमाजनंतर शेजारी, मग ते हिंदू असोत की ख्रिश्चन, घरी येतात. त्यांच्यापुढे जो पदार्थ येतो त्याला तिथे 'सवाईन' म्हणतात: दुधात उकळलेल्या शेवया, मनुका, वेलची. आपला शीरखुर्मा आठवावा, फक्त जरा पातळ. शब्दाचं मूळ सेवई. नियाज-फातेहाला वाटायचा गोड पदार्थ म्हणजे 'मलीदा', इथे तर नावही बदललेलं नाही. भोजपुरी-उर्दू बोलणारी पिढी तिथे जवळजवळ संपली आहे, घरात इंग्रजीच चालते. पण मोहरमच्या दिवसांत सेंट जेम्सच्या यार्डात मलीदा आजही वाटतात, आणि तो मागताना मलीदाच म्हणतात.